उबेवर वाढलेली पायरी

२०५८ साली कोल्हापुरात फुटबॉलचं स्टेडियम बांधलं नाही, वाढवलं. त्याचा जिवंत दगड माणसांच्या अंगाच्या उबेवर वाढायचा, म्हणून फुटबॉल संघ असलेल्या प्रत्येक तालमीची माणसं आपापल्या बाजूला रोज बसत. मोडून गेलेल्या चांदणी तालमीच्या जागेवर एकट्या सुगंधाकाकी बसत; त्यांचे यजमान त्या तालमीच्या संघाचे गोलकीपर होते. रविवारी मोजणी होती. पायरी वीतभर उंच झाली नसेल तर जागा दुसऱ्यांना जाणार होती, आणि अजून चार बोटं कमी होती.

"काकी, तुमच्या एकटीच्या उबेनं काय व्हतंय?" समोरच्या तालमीचा खेळाडू सर्जेराव साळोखे हसला.

"मग बस की लेका शेजारी!"

"आमची पोरं हाणतील मला," म्हणाला, आणि रविवारपर्यंत रोज येऊन बसला.

जागा राहिली. सर्जेरावला तालमीनं संघातून काढलं. तो पुढे पंच झाला. काकी दुसऱ्या वर्षी गेल्या. त्या पायरीवर अजूनही दोनच माणसं मावतात.