खाकी चिठ्ठी

चिठ्ठी डब्यात पडली आणि मग शिंप्याच्या मुलीच्या लक्षात आलं, की आतल्या सगळ्या चिठ्ठ्या पांढऱ्या आहेत. तिची एकटीचीच खाकी होती.

वहीचं पान कुणी ओळखेल म्हणून तिने शहाणपणा केला होता. बापाच्या कटिंगच्या कागदाचा तुकडा घरून आणला होता. वर्गातल्या प्रत्येकीच्या गणवेशाचं माप त्याच कागदावर उतरलेलं. आता ती चिठ्ठी बाहेर आली, की वर्गाला कळणार आणि संध्याकाळपर्यंत आईला.

गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाई दहावीच्या मुलींना भेटायला आल्या होत्या. त्यांचा नियम एकच. प्रत्येकीने नाव न घालता आपला प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा. प्रश्न नसेल तर 'काही नाही' लिहा, पण लिहा. म्हणजे खरं कोण लिहितंय ते शेजारणीला कळत नाही.

बाईंनी झाकण काढलं. मुलीने डोळे मिटून घेतले.

वर्गात खसखस पिकली. तिने डोळे उघडले. बाईंनी चिठ्ठी बाहेर काढलीच नव्हती. डबा मांडीवर घेऊन त्या आत डोकं घालून वाचत होत्या.

"हसा," डब्यातून आवाज आला. "माझी वाचायची पद्धत अशीच आहे."

मग बराच वेळ कागद उलगडल्याचाच आवाज येत राहिला. शेवटी बाईंनी मान वर केली.

"एकच प्रश्न सात जणींनी विचारलाय, म्हणून एकदाच वाचते. 'तीन महिने खाली खाज येते. मुलाबरोबर काही केलं तरच असं होतं का? एकटीने आलं तर तपासता का? आईला सांगता का?'"

आता कुणी हसलं नाही.

"तसं काही नसतं. काही न करताही होतं. आणि केलं असेल, तरी माझ्याकडे यायचं, मी ओरडत नाही. औषध साधं आहे. एकटीने या. आईला कधी सांगायचं, ते आपण दोघी मिळून ठरवू. बुधवारी, शाळा सुटल्यावर."

सात जणी. मुलीने हळूच वर्गावर नजर फिरवली. सगळ्यांच्या माना खाली होत्या. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिला आपण चारचौघींसारख्या आहोत असं वाटलं.

बुधवारी शाळा सुटताच ती धावतच दवाखान्यात गेली. पहिलीच होती. बाईंनी पडदा ओढून तपासलं, गोळ्या दिल्या, कधी घ्यायच्या ते पाकिटावर लिहून दिलं.

"आठवड्यात जाईल. उगाच तीन महिने जीव टांगणीला लावलास."

तिला एकदम रडू आलं आणि हसूही. इतकंच होतं तर.

जाताना तिने विचारलं, "सिस्टर, बाकीच्या सहा जणी कोण?"

बाई हात धूत होत्या. "बाकी सगळ्या चिठ्ठ्यांवर 'काही नाही'च होतं गं. सात मी आपलं ठोकून दिलं."

मुलीने दार उघडलं.

बाहेर बाकावर तिच्या वर्गातल्या पाच जणी मांडीवर दप्तरं घेऊन दाटीवाटीने बसल्या होत्या. सहावी भिंतीला टेकून उभी होती.

बाईंनी तिच्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि आतलं स्टूल बाहेर आणून ठेवलं.