ॲरिझोनाहून येणारी पत्रे

"पाय पुसून आत या, मिस्टर ट्रास्क," केझाया व्हीलॉक दारातूनच म्हणाली. "प्राध्यापकांना लगेच भेटता येणार नाही. ते वर झोपले आहेत."

प्राध्यापक ऑरिन व्हीलॉक, तिचे थोरले बंधू, गावच्या दफनभूमीत मेपलखाली अकरा वर्षांपूर्वीच झोपले होते. हॅडफिल्डमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. बातमी पोचली नव्हती ती फक्त ॲरिझोनाच्या वाळवंटात, जिथून एलाम ट्रास्क वीस वर्षे वाळवलेली रोपे पाठवीत आले होते. इतका पत्रव्यवहार झाला, पण व्हीलॉक घराण्यातील कोणी त्यांचे तोंड पाहिले नव्हते.

ऑरिनची दृष्टी अधू झाल्यापासून त्यांची पत्रे केझायाच लिहीत असे आणि भिंगाखाली पुंकेसरही तीच मोजत असे. त्यांच्या अंत्यविधीनंतर आठच दिवसांनी ट्रास्क यांचे गाठोडे आले. टिपकागद दमट होते. आणखी दोन दिवस गेले असते तर सारे बुरशीने खाल्ले असते. तिने कागद बदलले, रोपे ओळखली, त्यांना नावे दिली आणि पोचपत्राखाली सवयीने बंधूंचे नाव घातले. खरे काय ते पुढच्या पत्रात लिहू, असे तिने ठरवले होते. ते पुढचे पत्र अकरा वर्षांत लिहून झाले नाही.

तिच्याशी मनापासून बोलणारे जगात आता एवढे एकच माणूस उरले होते. खरे कळल्यावर ते पुन्हा एक ओळही लिहिणार नाही, या धास्तीने तिने सकाळपासून घास घेतला नव्हता. मान मात्र ताठ होती.

पाहुण्याने हस्तांदोलन केले. उन्हाने रापलेला, साठीचा गडी, पंजा लोखंडासारखा.

"हात चांगला सांधला की!" ती म्हणाली. खेचराच्या टापेखाली उजवा पंजा चिरडला, यापुढे डाव्या हाताचे वेडेवाकडे अक्षर गोड मानून घ्यावे, असे ट्रास्क यांनी नऊ वर्षांपूर्वी कळवले होते.

"कुठला? हां, तो! कोरड्या हवेत हाडं लवकर जुळतात, बाई."

तिने चहा आणि आल्याचा केक पुढे केला. पण त्याचे लक्ष कपाटांकडे होते. एकेक कागद तो झोपलेले मूल उचलावे तसा उचलीत होता.

"ही टेकडी!" एका रोपाखालची चिठ्ठी वाचून तो म्हणाला. "इथं तीन दिवस पाण्याचा थेंब नव्हता."

"आणि उरलेलं पाणी तुमच्या त्या खेचरवाल्या ज्युबलने खेचरांना पाजलं! पत्रात पानभर झोडपलं होतंत त्याला."

"खेचरं मेली असती तर रोपं कुणी वाहिली असती? तसा काही अगदीच गाढव नव्हता बिचारा."

"तुम्हीच लिहिलं होतंत, की सगळ्या तांड्यात मठ्ठ तोच."

पाहुणा खो खो हसला. "लिहिलं खरं. न लिहून सांगतो कुणाला?"

केझायाही हसली. अपघातानंतरची पत्रे तिला विशेष प्रिय होती. त्याआधी क्रमांक आणि डोंगराची उंची, एवढाच मजकूर असे. पुढे त्यांत शेकोटीवरच्या कॉफीची वाफ आली, पहाटे ओरडणारी लावी आली, ओल्या वाळूचा वास आला. दुखण्याने माणूस मऊ होतो, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते.

"आता प्राध्यापकांना उठवा, बाई," पाहुणा एकाएकी गंभीर झाला. "दोन हजार मैल आलो ते एका गोष्टीसाठी. पत्रात लिहायला धजलो नाही. तोंडावरच सांगायला हवी."

याला कळले आहे, हे तिने ओळखले. दुसऱ्याने आपली चोरी उघडी पाडावी, हे व्हीलॉकांच्या मुलीला शोभणारे नव्हते. ती उठून उभी राहिली.

"ऑरिन अकरा वर्षांपूर्वीच गेले. पत्रं मी लिहिली. नावं मी दिली. तुम्हाला फसवलं. माफी मागायची मला सवय नाही, तरी मागते. हवी तर रोपं घेऊन जा, दुसरा कोणी जाणता शोधा. पण तुमची पत्रं मी परत देणार नाही."

पाहुण्याने हातातला कागद अलगद खाली ठेवला.

"म्हणजे, ते निळं फूल पाहिल्यावर दिवसभर दुसरं काही सुचलं नाही, असं लिहिणारे..."

"मीच."

"आणि ताप आला होता तेव्हा, औषध घ्या, हट्ट करू नका, म्हणून दटावणारे?"

"तेही मीच. हसता काय?"

त्याने बाहीने डोळे पुसले.

"मग ती गोष्ट तुम्हालाच सांगायला हवी, बाई. ट्रास्कसाहेबांना मी माझ्या हातांनी गिला नदीकाठी पुरलं, त्याला नऊ वर्षं झाली. मी ज्युबल."