स्तोयनाच्या तब्येतीसाठी

“ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये,” नायदेन म्हणाला. “पण आमच्या स्तोयनाच्या छातीत कळ आली ना, तेव्हा जिल्ह्याहून अँब्युलन्स आली ती चुलीवरच्या कॉफीला उकळी फुटायच्या आत.”

पक्षाच्या क्लबात हशा पिकला. रविवारची दुपार होती. टेबलांवर घरी गाळलेली राकिया दारू, भाजलेल्या मिरच्या आणि मेंढीच्या दुधाचं चीज. पक्षाच्या गावशाखेची सभा भरली होती. राज्याच्या आरोग्य निधीला भोक पडलं होतं, आणि ते बुजवायला डोंगरातले दवाखाने बंद करायचं राजधानीत, सोफियात ठरलं होतं. गावातल्या तातडीच्या विभागाला ‘तात्पुरतं’ कुलूप लागलं होतंच. आता ते कायमचं लावा असं गावच म्हणतंय, एवढा ठराव शाखेने हात वर करून द्यायचा होता. तो न्यायला खासदार कांबुरोव स्वतः घाट चढून आले होते.

जमलेला जवळजवळ प्रत्येक माणूस पक्षाच्या भाकरीवर होता. पोस्टातली देल्याना, शाळेचा शिपाई, वनखात्याचा रखवालदार. नायदेन शाखेचा जुना अध्यक्ष. यांतल्या निम्म्यांना नोकरीला त्यानेच चिकटवलं होतं.

सुरुवातीचा ग्लास रीतीप्रमाणे गेलेल्यांच्या नावाने झाला होता. त्या वेळी ग्लासाला ग्लास लावत नाहीत. थेंबभर जमिनीवर सांडायचं, ‘देव क्षमा करो’ म्हणायचं आणि मुकाट प्यायचं. किणकिण असते ती जिवंतांसाठी. कांबुरोवांनी घाईघाईत थेंब आपल्याच बुटावर सांडला होता.

“काय अध्यक्ष, दाढी वाढवलीत?” त्यांनी विचारलं होतं. “मठात चाललात की काय?”

कुणीच हसलं नव्हतं.

“थंडी आहे साहेब,” नायदेन म्हणाला होता. “तेवढीच ऊब.”

त्याआधी फोनवर त्याने कांबुरोवांना खरं काय ते सांगून पाहिलं होतं. घाट बंद पडतो, गाडी पोचत नाही, माणसं वाटेत मरतात. कांबुरोव खो खो हसले होते. “तुमच्या थापा मी काय आज ऐकतोय? सभेत सांगा अशीच एखादी. फक्त अँब्युलन्स वेळेवर येते अशी सांगा. लोकांना धीर येईल.”

तर नायदेन आपल्या बायकोची गोष्ट सांगत होता.

“घाटात बर्फ कमरेएवढा. वळणावर समोरून लाकडांचा ट्रक, आणि मध्ये उभं अस्वल. अस्वलाने एक पंजा वर केला, ट्रक थांबवला आणि अँब्युलन्सला म्हणालं, जा रे पुढे, बाई खोळंबलीय.”

“अस्वल बोललं?” देल्यानाने विचारलं.

“न बोलून सांगतं कुणाला? आपल्याच पक्षाचं होतं.”

माणसं टेबलं बडवत हसली. नायदेनने हसणारे चेहरे एकेक करून पाहिले आणि जरा थांबला. कुणी पुढे काही विचारलं नाही. मग त्याने गोष्टीला आणखी पीळ दिला.

“गाडी थांबायच्या आत डॉक्टरने उडी मारली. छातीवर हात ठेवला मात्र, स्तोयना उठून बसली. म्हणाली, बूट काढ आधी, सतरंजी आजच धुतलीय. आणि चीज भरलेली गरम बानित्सा खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही त्याला. आताही घरी बसलीय. माझी वाट बघत.”

हसू विरलं. रखवालदार चीजचा तुकडा उगाच कुस्करत राहिला. कुणीतरी खोकलं.

कांबुरोवांनी टाळ्या वाजवल्या. “बघा, अध्यक्षांच्या घरचाच अनुभव. मग गावात विभाग हवाय कशाला? करू या हात वर?”

“थांबा साहेब,” नायदेन उठला. “आधी स्तोयनाच्या तब्येतीसाठी एकेक घोट.”

ग्लास घेऊन तो टेबलाटेबलाशी गेला. पहिला ग्लास लावला कांबुरोवांनी. “वहिनी शतायुषी होवोत.” मग रखवालदाराने, मान खाली घालून. शिपायाने. देल्यानाने घाईघाईत लावला, तो दोनदा वाजला. प्रत्येक किणकिणीनंतर नायदेन समोरच्याच्या डोळ्यांत बघत क्षणभर थांबायचा, मग पुढे सरकायचा.

दाराशी गालिन ग्लास घेऊन उभा होता. पोरगा गावातलाच, जिल्ह्याच्या अँब्युलन्सवर ड्रायव्हर. नोकरी नायदेनच्या शब्दावर लागलेली. ड्रायव्हर काय पैशाला पासरी मिळतात, असं कांबुरोवांच्या माणसाने सकाळीच त्याला ऐकवलं होतं.

नायदेनने ग्लास पुढे केला. आता गालिनशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं.

“लाव रे,” तो हळूच म्हणाला. “काकूच्या तब्येतीसाठी.”

गालिनने ग्लासाकडे पाहिलं. कांबुरोवांकडे पाहिलं. मग त्याने हात मागे घेतला आणि आपला ग्लास तिरका केला. थेंबभर नव्हे, चांगली धार जमिनीच्या फळ्यांवर सांडली. नायदेनने इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला.

“देव त्यांना क्षमा करो,” गालिन म्हणाला, मागच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असं. “थाप आहे ही, नायदेनकाका. गालावर सुतकाची दाढी आहे तुमच्या. काकू घाटातच गेल्या. माझ्या गाडीत, तुमच्या मांडीवर.”