परक्या हातचं मत

विलेमीनने मतदानाच्या कार्डामागे सही केली आणि ते कार्ड सरळ आपल्या वैऱ्याच्या हातात दिलं.

लेकीच्या या शेजारणीकडे कॉफीला आलेली फूलमती कप तोंडाशी धरून बघतच राहिली.

वैरी म्हणजे पलीकडचा वाउटर, साठ गाईंचा धनी. आजची निवडणूक शेतांच्या चरांतली पाण्याची पातळी ठरवणाऱ्या पाणी-मंडळाची होती. चरांतलं पाणी खाली ठेवलं तर वाउटरचं गवत तगणार. वर ठेवलं तर विलेमीनच्या पाणपक्ष्यांची घरटी वाचणार. वीस वर्षं दोघं कुंपणावरून यावरच भांडत आली होती. गेल्या आठवड्यात विलेमीन पायरीवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि आता तिचं मत हाच टाकून येणार होता. इथला कायदाच तसा. सही करून द्यायची, दुसऱ्याने आपल्या मताबरोबर तेही टाकायचं.

"पक्षीवाल्यांची यादी, तिसरं नाव," विलेमीन म्हणाली. "तुझ्या शेणकऱ्यांची नव्हे. चष्मा घेतलायस ना?"

"तुझी बदकं पोहतील आणि माझ्या गाई बुडतील," वाउटर कार्ड खिशात कोंबत गुरगुरला.

फूलमती मनात म्हणाली, गेलं म्हातारीचं मत.

सुरीनामच्या निकेरी गावाहून लेकीकडे येऊन तिला तीन आठवडे झाले होते, आणि या डच लोकांचा तिला पुरता वीट आला होता. दुपारचं जेवण म्हणजे गार पाव नि त्यावर गार चीज. पाहुण्यापुढे बिस्किटांचा डबा उघडायचा, त्याने एक उचललं की झाकण बंद. कुत्र्याने चाटलेली बशी माणसांच्या बशांत. आणि वाढदिवसांचं कॅलेंडर कुठे, तर संडासात! बसल्या बसल्या माणसांची नावं वाचायची. लेकीने हौसेने तिचंही नाव तिथे लिहिलं, त्या दिवशी तिला घास गेला नाही.

गावाकडच्या बातम्या ऐकून जीव रमवावा, तर तिथे याहून चिखल. मेमध्ये निवडणूक. रामायणावर हात ठेवून शपथ घेतलेला उमेदवार परवा पलीकडच्या पार्टीत जाऊन बसला होता आणि आता घरोघर पंखे वाटत होता. फूलमती आपल्या पार्टीची जुनी कार्यकर्ती. गेल्या खेपेला तिच्या पार्टीची जागा अकरा मतांनी आली होती. पार्टीच्या माणसाने कालच फोनवर विचारलं, "काकी, तुमच्या घरचं काय?" ती म्हणाली, "दोन्ही मतं पक्की."

एक तिचं. दुसरं आंधळ्या सासूचं.

सासू, म्हणजे माई, मेलेल्या सासऱ्याच्या जुन्या पार्टीला धरून होती. मतदानाला जाताना ती फूलमतीचा हात धरायची. पडद्याआड गेल्यावर हळूच म्हणायची, "आपल्याच पार्टीला हं." "हो माई," म्हणत फूलमती लाल पेन्सिलीने स्वतःच्या पार्टीच्या नावासमोरचा ठिपका रंगवायची. तीन निवडणुका असंच चाललं होतं. म्हातारीला काय दिसतंय?

म्हणूनच वाउटर काय करणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. तमाशा बघायला ती त्याच्याबरोबर शाळेच्या व्यायामशाळेत गेली. तिथेही तीच लाल पेन्सिल, दोरीला बांधलेली. दोन कागद घेऊन वाउटर आडोशाला गेला. मिनिटभर झालं, दोन मिनिटं झाली. आतून त्याचे सुस्कारे ऐकू येत होते.

मतं टाकून शाळेबाहेर आला तो एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून.

"एक माझं, एक माझ्या विरुद्ध," तो म्हणाला. "दोन्ही मिळून शून्य. घरी गोठा झाडला असता तर निदान गोठा तरी झाडून झाला असता."

"म्हणजे खरंच तिच्या पक्ष्यांना दिलंत?" फूलमतीने आवाज खाली आणला. "आत कोण बघत होतं?"

"कोणी नाही. का?"

"मग?"

वाउटरने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिने त्याला दूध काळं असतं म्हणून सांगितलं. "शेजारीणबाई, मत तिचं होतं. वर तिसरं नाव म्हणे! ते नाव त्या दाढीवाल्याचं आहे, त्याने माझ्या बांधावर पाट्या ठोकल्या होत्या. त्याचा ठिपका रंगवला मी. या हाताने!" तो रस्त्यात पचकन थुंकला आणि सायकलवर बसून निघून गेला.

खोटं बोलणारा माणूस इतका चिडत नाही. फूलमती शाळेच्या फाटकाशीच उभी राहिली. आपला उजवा हात ती कोटाला पुसत होती, हे तिला बऱ्याच वेळाने कळलं.

घरी येऊन तिने निकेरीला फोन लावला. तिथे सकाळचे आठ वाजत होते.

"थांब हं, रेडिओवर कथा लागलीय," माई म्हणाली. "भरताने पादुका डोक्यावर घेतल्या बघ. हं, बोल. जेवतेस ना तिथे?"

"माई, तुमचं मत..." फूलमती म्हणाली. "तीनही वेळा मी माझ्याच पार्टीला दिलं."

पलीकडे माईने रेडिओ बारीक केला.

"ठाऊक आहे गं," माई म्हणाली. "रेडिओवर आधीच सांगतात ना, आपली पार्टी कागदावर डावीकडे पहिली, तुझी पार उजव्या टोकाला. पेन्सिल कुठे घासते ते ऐकू येतं. डोळे गेलेत, कान नाही गेले."

"मग दर खेपेला माझाच हात का धरलात? तुमच्या धाकट्या लेकाला न्यायचं होतं, त्याच्या बायकोला न्यायचं होतं."

"वाटायचं," म्हातारी म्हणाली, "या खेपेला तरी देईल."