भिंतीकडे वळलेली खुर्ची

वार्षिक परीक्षा म्हणजे वर्षभराच्या शिकण्याचा आरसा, असं मुख्याध्यापक दरवर्षी सांगत आणि बाई दरवर्षी मान डोलवत. यंदा आरशासमोर दुसरीतली चिमणी उभी होती. ही पोरगी घरी अखंड बडबडे; शाळेत कुणी नुसतं पाहिलं, की हिची दातखीळ बसे. तोंडी परीक्षेतही गप्प राहिली, तर पुन्हा दुसरीतच. “कविता म्हण गं, बाळा.” चिमणीने मान खाली घातली. “तुम्ही बघताय.” बाईंनी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. पाठीमागून कविता आधी अडखळत, मग घडाघडा येऊ लागली. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात उगवले आणि कविता थांबली. “बाई, तुम्हाला शिक्षा कुणी केली?” “सर, आधी भिंतीकडे वळा.” सर मुकाट्याने वळले. उरलेली कडवीही आली. चिमणी तिसरीत गेली. हावभावाचे पाच गुण मात्र कापावे लागले. परीक्षकांना काहीच दिसलं नव्हतं.