'क' गटातला टोबी

टोबीने शेवटचं पान कोरं ठेवून पेपर दिला आणि दाराकडे वळला.

"थांब," प्रुइट बाई म्हणाल्या. "पान उलटायचं राहिलं का?"

"नाही बाई. येत नाही मला ते."

बाईंनी प्रश्न पाहिला. बर्फाळ रस्त्यावर मीठ का टाकतात, ते सकारण लिहायचं होतं. मार्चमध्ये याच मुलाने जिन्यात बसून हेच मार्गोला समजावलं होतं. मार्गो म्हणजे शाळेत पहिली येणारी. तीसुद्धा मुकाट्याने मान डोलवत ऐकत होती.

दोष असलाच तर नियमाचा होता. बाई शाळेचा संघ ज्या दहा विषयांच्या आंतरशालेय स्पर्धेत उतरवायच्या, तिथे नुसत्या हुशार मुलांचा संघ चालत नाही. तीन मुलं 'अ' श्रेणीची, तीन 'ब'ची आणि तीन 'क'ची लागतात. प्रत्येक जण आपल्याच श्रेणीतल्यांशी लढतो. क्लीव्हलँडबाहेरच्या या उपनगरात 'अ'वाली मुलं घरटी एक सापडतात. 'क'वालीही सापडतात. पण मार्क 'क'चे आणि डोकं 'अ'चं, असा नग वर्षानुवर्षं शोधूनही मिळत नाही. बाईंना टोबी कोवाल्चिक मिळाला होता. फुटबॉल संघात समोरच्याला रेटून धरणाऱ्या फळीतला, दारातून जरा तिरका होऊन आत येणारा. त्याचा 'क' अस्सल होता, निव्वळ आळसाने कमावलेला. त्याच्या जोरावर शाळा यंदा राज्यात दुसरी आली. पुढच्या वर्षी चषक हातातच, असं सगळे धरून चालले होते.

मग टोबीचे मार्क वाढायला लागले.

संघाबरोबर अभ्यास केल्याचा हा दुष्परिणाम कुणी लक्षातच घेतला नव्हता. मार्गोने त्याला जेवणाच्या सुट्टीत गाठलं. "टोब्या, काय चालवलंयस हे? इतिहासात 'ब'? जरा भान ठेव की!" फुटबॉलचे कोच डेलुका मात्र खुशीत होते. नापास मुलाला शुक्रवारच्या सामन्यात उतरवता येत नाही, त्यामुळे टोबी खाली घसरेल या धास्तीने त्यांनी दोन हंगाम काढले होते. एकाच मुलाच्या प्रगतिपुस्तकावर दोन शिक्षक डोळा ठेवून होते. एक तो पडेल म्हणून, दुसऱ्या तो चढेल म्हणून.

आज अकरावीचा शेवटचा पेपर. पुढच्या वर्षाचा गट आजवरच्या मार्कांवर ठरणार होता. हे पान लिहिलं की टोबी 'ब'त. कोरं सोडलं की 'क'त.

"खरं सांग," बाई म्हणाल्या.

टोबीने बुटाकडे पाहिलं. "मला वर ढकलू नका ना, बाई. 'ब'मध्ये आधीच तिघं पक्के आहेत, माझ्याहून चांगले. मला बाहेर बसावं लागेल. संघाच्या खोलीत सगळे माझी वाट बघतात हो. याच्या आधी वर्गात कुणी माझी वाट बघितली नव्हती." मग हळूच म्हणाला, "आणि तुमचा चषक पण जाईल."

ऑफिससमोरच्या काचेच्या कपाटात फुटबॉलचे चषक दाटीवाटीने उभे होते. बाईंच्या वाट्याच्या फळीवर एक फोटो होता आणि वाळलेला पुष्पगुच्छ. आता त्यांनी फक्त पेपर गठ्ठ्यात ठेवायचा होता. नियम मोडत नव्हता, कुणी विचारणारही नव्हतं. बाईंनी मनात हिशेब मांडला. असा हिशेब सगळेच मांडतात. बहुतेक लोक मनासारखं उत्तर आलं की थांबतात.

बाई थांबल्या नाहीत. त्यांनी पेपर पुन्हा टोबीच्या बाकावर नेऊन ठेवला.

"घंटा व्हायची आहे अजून. बस."

"बाई, अहो, पण संघ—"

"मला पगार रसायनशास्त्र शिकवायचा मिळतो. चषकाचा नाही. बस म्हटलं ना!"

टोबी बसला. रागारागाने लिहायला लागला. पेन्सिल मोडली; बाईंनी दुसरी दिली. घंटा झाली तेव्हा पान भरून समासातही मजकूर गेला होता.

निकाल लागला. टोबी 'ब'मध्ये गेला. मार्गोने बाईंना येताना पाहिलं आणि आपल्या कपाटाचं दार असं आपटलं की सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. कोच डेलुकांनी तर मिठीच मारली, त्यामुळे बाईंना आणखी वाईट वाटलं. 'क'मधले उरलेले दोघे बारावी होऊन शाळेबाहेर पडले होते. म्हणजे आता चषकाचं सोडाच, संघ उतरवायलाही माणसं नव्हती.

सप्टेंबरात संघाची पहिली बैठक भरली. बाईंनी सवयीने सगळ्या खुर्च्या मांडल्या. 'क'ची रांग रिकामी होती आणि मार्गो मुद्दाम तिकडेच बघत होती.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. टोबी सरावावरून थेट आला होता, घामाघूम, गुडघ्यांना चिखल. त्याच्या मागून आणखी तिघे आत शिरले, एकेक करून, जरा तिरके होत. फुटबॉलची ती रेटणारी फळीच होती. तिघांच्याही हातात कोपरे दुमडलेली पुस्तकं.

"हे काय आता?" मार्गो म्हणाली.

"मला जागा नसेल तर नसू दे," टोबी म्हणाला. "पण बाई, हे तिघे 'क'वाले आहेत. तुम्ही ऑफिसात विचारा हवं तर, एकदम पक्के."

बाईंनी एकेकाकडे पाहिलं. तिघांनी एकदम टोप्या काढल्या.

"फक्त यंदापुरतेच धरा हं," टोबी म्हणाला. "सुट्टीभर मी शिकवलंय त्यांना. पुढच्या जूनपर्यंत काही 'क'त टिकायचे नाहीत."