सोमवारी या

"पाठीवर हात ठेवला की मान हलवतंय, ते ठीक," ओगा ओक्वुदिली म्हणाले. "पण बोलत नाही."

नायजेरियातल्या एनुगूच्या परवाना कचेरीत उगोन्वाची ही पाचवी खेप. कासव तिनेच बनवलेलं. सार्डिनच्या डब्याचं अंग, पाठीवर कापडाखाली तांब्याची पट्टी, पोटात जुन्या मोबाइलची बॅटरी. बोट लागलं की डोळे लुकलुकायचे. टेबलाशी एकटं बसणाऱ्यांना सोबत म्हणून ती अशी कासवं विकायची. परवाना नाही म्हणून तीन महिन्यांपूर्वी तिच्या दुकानाला टाळं लागलं आणि अर्ज या टेबलावर येऊन पडला.

पहिल्याच खेपेला ओगांना तिच्या पिशवीतलं कासव दिसलं. रांगेतले सगळे त्यांना ओगाच, म्हणजे मालकच, म्हणत, मग तीही म्हणू लागली. तेव्हापासून दर वेळी नवी फर्माईश. आधी मान डुलायला हवी, मग शेपूट. सहीचं मात्र नाव नाही.

"काय बोलायला हवं?" तिने विचारलं.

"साहेब आत्ताच बाहेर गेलेत, सोमवारी या. एवढंच."

उगोन्वाला हसावं की रडावं कळेना. खुर्चीला कोट टांगून गायब होणारे साहेब तिने पुष्कळ पाहिले होते. कोट दिसला की साहेब कचेरीतच आहेत असं समजायचं. या खुर्चीवरही कोट होताच. पण हा गृहस्थ त्यांच्याही पुढचा निघाला.

तरी सोमवारी ती बोलतं कासव घेऊन आली. सोबत कडधान्याच्या पिठाचा, पानात बांधून उकडलेला गरम ओक्पा. ओगांनी कासवाच्या पाठीवर हात ठेवला. कासव शिकवलेलं बोललं. रांगेतल्या एक बाई "बरं" म्हणून मुकाट निघून गेल्या.

"वा," ओगा म्हणाले.

"आता तरी सही करा, ओगा. आई म्हणते, तुझ्या अर्जापेक्षा कासव बरं, निदान पुढे तरी सरकतं."

ओगांनी ओक्पा संपवला, हात पुसले आणि टेबलाखालची आपली पिशवी उचलली.

"सही मी कशी करू, पोरी? साहेब ऑगस्टपासून फिरकलेलेच नाहीत. मीही परवान्यालाच आलो होतो. बाकावर पाठ धरली म्हणून जरा इथे टेकलो, तर लोक अर्ज ठेवायला लागले." त्यांनी कासव खुर्चीसमोर नीट सरळ केलं. "पण तू काळजी करू नकोस. माझ्यानंतर तुझाच नंबर आहे."